नोकरीच्या भांडवलावर जर्मनीतलं मास्टर्स

परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो टक्क्यांचा. जर्मनीच्या 'डाड' या संस्थेची 'ईपॉस' शिष्यवृत्ती मात्र आधी विचारते, की पदवीनंतर काम काय केलंत? विकसनशील देशांतल्या नोकरदारांना विकासाशी निगडित विषयांत पदव्युत्तर शिक्षण द्यायचं, आणि ते घेऊन त्यांनी मायदेशी परतावं, ही तिच्यामागची कल्पना. भारत या देशांत मोडतो. नगरपरिषदेतला अभियंता, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेतली कृषी पदवीधर, सौर प्रकल्पावरचा तंत्रज्ञ अशांसाठी ही वाट आहे.

सुरुवात तारखांपासून करा. अर्जाच्या वेळी पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही आणि कामाचा अनुभव किमान दोन वर्षांचा लागतो. म्हणजे पदवीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षातच हा अर्ज करायचा. 'थोडं स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांची संधी इथे आपोआप जाते. अर्जाच्या मुदतीपर्यंत जर्मनीत 15 महिन्यांहून अधिक राहिलेल्यांचा विचार होत नाही. पदवी साधारणपणे चार वर्षांची अपेक्षित असते. तुमची तीन वर्षांची असेल तर अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला आधीच मेल करून विचारा, अंदाजावर राहू नका.

मग डाडच्या संकेतस्थळावरून ईपॉसच्या अभ्यासक्रमांची चालू वर्षाची यादी घ्या. जर्मनीतल्या कुठल्याही मास्टर्सला हे पैसे मिळत नाहीत, यादीतल्यांनाच मिळतात. यादीत पाणी, शेती, ऊर्जा, आरोग्य, नगरनियोजन, अर्थशास्त्र असे विषय असतात. ओल्डेनबुर्ग विद्यापीठाचा अक्षय ऊर्जेचा अभ्यासक्रम 1987 पासून चालू आहे. डॉर्टमुंडच्या 'स्प्रिंग' या नियोजनाच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष जर्मनीत आणि दुसरं एखाद्या भागीदार विद्यापीठात काढायचं असतं. असे तपशील नीट वाचा. प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी असते. बऱ्याच मुदती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये संपतात आणि शिक्षण पुढच्या वर्षी सुरू होतं, म्हणून तयारीला निदान वर्षभर आधी लागा. जास्तीत जास्त तीन अभ्यासक्रम निवडता येतात. अर्ज डाडकडे नव्हे, थेट त्या त्या अभ्यासक्रमाकडे पाठवायचा.

आता खरं काम, ते म्हणजे हेतुपत्र. लांबी दोन पानांपर्यंत, खाली चालू तारीख आणि हाताने केलेली सही. तिन्ही अभ्यासक्रमांना एकच पत्र जातं. हेच का निवडले आणि याच क्रमाने का, हेही त्यातच सांगायचं. इथे बहुतेक अर्ज ढेपाळतात. 'मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे' हे वाक्य वाचून समितीला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी टेबलावरची अडचण मांडा. समजा तुम्ही एखाद्या शहराच्या पाणीपुरवठ्यात आहात. टाकीतून सुटलेलं पाणी आणि बिलात आलेलं पाणी यांचा मेळ बसत नाही. जुन्या नळवाहिन्यांचे नकाशे नाहीत. गळती शोधायची ती तक्रार आल्यावर. यात तुम्ही स्वतः काय करून पाहिलंत आणि कुठे अडलात ते लिहा. अभ्यासक्रमातले कोणते विषय ती अडचण सोडवतील ते नावानिशी सांगा. शेवटी परत आल्यावर कोणत्या खात्यात, कोणतं काम हाती घ्याल ते लिहा. 'देशसेवा करीन' एवढ्यावर भागत नाही. कच्चा खर्डा मराठीत लिहिलात तरी चालेल, उलट विचार सुटसुटीत होतो. पण तयार नमुने उतरवू नका. अशी पत्रं ढिगाने वाचणाऱ्यांना उसनी भाषा लगेच ओळखू येते.

शिफारसपत्रही नोकरीच्याच ठिकाणचं हवं, कॉलेजच्या सरांचं नव्हे. त्यावर लेटरहेड, सही, शिक्का आणि अलीकडची तारीख या चारही गोष्टी असाव्यात. 'परत आल्यावर पुन्हा कामावर घेऊ' असं लेखी मिळालं तर अर्जाला वजन येतं. सरकारी नोकरीत असाल तर साहेबांच्या कानावर लवकर घाला. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, पण ती फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला वेळ घेते.

बाकीचे कागद: डाडचा अर्ज, युरोपास नमुन्यातला बायोडेटा, पदवी व गुणपत्रिका, आधीच्या सगळ्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं, इंग्रजीचा दाखला. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा परीक्षेची वेळ त्या हिशेबाने ठरवा. मराठीतल्या अनुभवपत्राचा अधिकृत इंग्रजी अनुवाद जोडा. अभ्यासक्रमाने कागदांचा जो क्रम दिला असेल, त्याच क्रमाने लावा.

छाननीत टिकलात तर अनेक अभ्यासक्रम ऑनलाइन मुलाखत घेतात. प्रश्न बहुतेक तुमच्या पत्रातूनच निघतात, म्हणून पत्रात उसनं काही नको. त्यानंतर अभ्यासक्रम निवडक नावं डाडला सुचवतो आणि शिष्यवृत्ती डाड देते.

निवड झाल्यावर पैशाचं गणित मांडा. मास्टर्सला सध्या महिना 992 युरो मिळतात, शिवाय आरोग्य विमा आणि प्रवासासाठी ठरावीक रक्कम. स्वखर्चाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो अडकवून ठेवलेलं खातं दाखवावं लागतं. तुम्हाला त्याऐवजी शिष्यवृत्तीचं पत्र दाखवता येतं. या रकमेत एकट्याचं भागतं, मात्र घरी हप्ते पाठवायचे असतील तर ओढाताण होईल. जर्मन घरमालकाला कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागता येते, तेव्हा तिकिटाबरोबर या रकमेचीही सोय इथूनच करून निघा.