‘ऑर्डर’ या शब्दाचे मराठी संसार

इंग्रजीतील जे शब्द कोणत्याही कोशाच्या मदतीवाचून आपल्या खेड्यापाड्यांत पोचले, त्यांत ‘ऑर्डर’ या शब्दाचा क्रम वरचा लागेल. अकोल्याच्या बाजारात व्यापारी सरकीची ऑर्डर नोंदवितो, शाळेत गुरुजींच्या बदलीची ऑर्डर येते, तहसील कचेरीतून जमिनीच्या प्रकरणात ऑर्डर निघते आणि पाणीपुरवठ्याचा पंप ‘आउट ऑफ ऑर्डर’ असल्याची पाटी लागते. बोलताना यांत कोणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो हाच शब्द मराठीत लिहिण्याची वेळ आली म्हणजे. कारण ‘ऑर्डर म्हणजे आदेश’ असे एकच समीकरण बहुतेकांनी पाठ केलेले असते.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऑर्डो’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ रांग, ओळ. विणकरांच्या मागावर ताण्याचे धागे ज्या ओळीने मांडले जातात, तिच्याशी व्युत्पत्तिकार त्याचा संबंध जोडतात. कापसाच्या मुलखात हे सांगताना सोपे जाते. ओळीतून क्रम आला, क्रमातून व्यवस्था आली, आणि व्यवस्था राखण्यासाठी जे फर्माविले जाते तोही पुढे ‘ऑर्डर’च ठरला. आपल्या ‘आदेश’ शब्दाची वाट मात्र निराळी आहे. ‘दिश्’ म्हणजे दाखविणे, या धातूपासून तो आला. संस्कृत व्याकरणात तर एका वर्णाच्या जागी जो दुसरा वर्ण येतो त्याला आदेश म्हणतात. तेथे हुकमाचा मागमूसही नाही. दोन शब्दांचे गोत्र भिन्न असता ते प्रत्येक ठिकाणी एकमेकांची जागा घेतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून ‘अल्फाबेटिकल ऑर्डर’ म्हणजे वर्णानुक्रम, दुकानदाराकडील ऑर्डर म्हणजे मागणी, कंत्राटदाराला मिळणारी ‘वर्क ऑर्डर’ म्हणजे कार्यारंभ आदेश. सभेतील ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ हा हरकतीचा मुद्दा होय. बंद पंपाच्या पाटीवर ‘नादुरुस्त’ एवढा शब्द पुरतो. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना हा शब्द आणखी एका वेषात भेटतो. वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणात ‘ऑर्डर’ला मराठीत गण म्हणतात आणि गणाच्या खाली कुल येते. कापूस, भेंडी व अंबाडी ही तिन्ही पिके एकाच कुलातील आहेत, हे त्यांची फुले शेजारी ठेवून दाखविल्यास गण व कुल हे शब्द विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. मनीऑर्डरचा प्रकार तर गमतीचा आहे. शब्दशः पाहता तिला धनादेश म्हणावयास हवे होते. पण तो शब्द चेकने पटकावला आणि मनीऑर्डर आपल्या मूळ नावानेच घरोघर गेली. भाषा अशा बाबतीत समित्यांना विचारीत नाही, आणि ते एका परीने बरेच आहे.

हुकूम, फर्मान, परवाना हे अरबी-फारसी वळणाचे शब्द वऱ्हाडात निजामाच्या अमदानीपूर्वीपासून रुळलेले आहेत. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी ते टिकले. त्यांतील ‘हुकूमनामा’ हा शब्द न्यायालयात आजही नेमक्या अर्थाने वापरतात. दिवाणी दाव्यात हक्कांचा निकाल लावणारी ‘डिक्री’ म्हणजे हुकूमनामा, आणि हुकूमनामा नसलेला न्यायालयाचा अन्य निर्णय म्हणजे आदेश. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. हुकूमनाम्यावर सर्वसाधारणपणे अपील चालते. आदेशांपैकी कायद्याने सांगितलेल्या मोजक्यांवरच चालते.

‘लॉ अँड ऑर्डर’ आणि ‘पब्लिक ऑर्डर’ या जोडीने तर एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. नियमातील शब्द ‘पब्लिक ऑर्डर’ असे होते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात मात्र ‘लॉ अँड ऑर्डर’ लिहिले गेले. ७ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायालयाने बहुमताने त्यांची मुक्तता केली. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेले न्या. हिदायतुल्ला यांनी त्या निर्णयात तीन समकेंद्री वर्तुळांची उपमा दिली: सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोघांचे भांडण पहिल्या वर्तुळात मोडते. ते दुसऱ्यात शिरलेच असे नव्हे. अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्या. मुधोळकरही त्या पीठावर होते. एका विशेषणाच्या फरकावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते, हे प्रतिबंधक कारवाईचे मसुदे करणाऱ्यांनी विसरू नये.

गावपातळीवर सर्वाधिक गोंधळ आहे तो ‘अध्यादेश’ या शब्दाचा. शासनाने कोणताही कागद काढला की ‘अध्यादेश निघाला’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे, आणि वृत्तपत्रेही तिला हातभार लावतात. वस्तुतः विधानमंडळाचे अधिवेशन चालू नसताना संविधानाच्या अनुच्छेद २१३ अन्वये राज्यपाल जो काढतात, तोच अध्यादेश. त्याला कायद्याचे बळ असते, आणि अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपुष्टात येतो. ज्याला आपण ‘जी.आर.’ म्हणतो तो शासन निर्णय होय. ग्रामसभेत कोणी अध्यादेशाचा दाखला दिल्यास सरपंचांनी प्रथम कागदाच्या माथ्यावरील शब्द वाचावा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न एकच असतो: हातात पडलेला कागद आदेश आहे की नुसते पत्र? ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेला कागद पुष्कळजण साधे पत्र समजून कपाटात ठेवून देतात. वास्तविक त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात अर्ज नामंजूर झालेला असू शकतो, आणि तसे असल्यास तो आदेशच. तीच गोष्ट फेरफाराची. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात तेव्हा ‘आदेश’ हा शब्द तेथे ठळकपणे दिसेलच असे नाही. परंतु त्याविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याचा निर्णय किंवा आदेश असेल, तर अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. इतर बाबतींत ९० दिवसांची.

यास्तव आदेश लिहिणाऱ्याने तो आदेश आहे हे शीर्षातच सांगावे, कोणत्या कलमाखाली व कोणी दिला ते लिहावे, आणि ‘करण्यात येत आहे’ या कर्ता हरवलेल्या वाक्यरचनेऐवजी ‘मी अर्ज नामंजूर करतो’ असे सरळ लिहिण्यास कचरू नये. घेणाऱ्याने तो ज्या दिवशी मिळाला ती तारीख कागदाच्या कोपऱ्यावर लगेच टिपून ठेवावी, कारण मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. नक्कल मिळण्यास लागलेला काळ या मुदतीतून वगळतात. तेव्हा नकलेच्या अर्जाची पोच जपून ठेवावी.