हातचं काम : पाण्यात पडली तरी चालणारी बॅटरी

सख्यांनो, पावसाळ्यात रात्री वीज जाते, मोटर चालू करायला शेतात जावं लागतं, वाटेत साप-विंचवाचं भय. नेमकी तेव्हाच हातातली बॅटरी दगा देते. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा बटणाच्या भोकातून. मग भोकच नको! बटण आत बंद ठेवायचं आणि बाहेरून चुंबकाने चालवायचं.

या बटणाला रीड स्विच म्हणतात. बारीक काचनळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या असतात. एरवी त्या एकमेकींपासून दूर. चुंबक जवळ आलं की चिकटतात आणि वीज वाहते. चुंबक दूर नेलं की सुटतात, दिवा बंद.

साहित्य : दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, पुढे पारदर्शक प्लॅस्टिकची चकती, मागे रबरी वायसरचं आट्यांचं झाकण, पेन्सिल सेल ३, पांढरे एलईडी ४, १०० ओहमचे रेझिस्टर ४, रीड स्विच, चकतीचं चुंबक, सायकलच्या ट्यूबचा पट्टा.

जोडणी : सेलच्या अधिक टोकाची वायर रीड स्विचला. स्विचच्या दुसऱ्या टोकाला चारही रेझिस्टर. प्रत्येक रेझिस्टरला एका एलईडीचा लांब पाय. चारही आखूड पाय एकत्र करून सेलच्या उणे टोकाला.

रेझिस्टर कशाला? तीन सेलचे साडेचार व्होल्ट. एलईडीला लागतात सुमारे तीन. उरलेले दीड व्होल्ट १०० ओहममधून गेले की प्रत्येक एलईडीला सुमारे १५ मिलिअँपिअर मिळतात. रेझिस्टर गाळला तर एलईडी जळू शकतो.

चालू-बंद : स्विच पाइपच्या आतल्या बाजूला उभा चिकटवा. ट्यूबच्या पट्ट्यात चुंबक शिवून पट्टा पाइपवर घट्ट चढवा. चुंबक काचनळीच्या मध्यावर नको, एका टोकापाशी यावं. मध्यावर कधी कधी पट्ट्या चिकटतच नाहीत. पट्टा अर्धा फिरवला की चालू, परत फिरवला की बंद. घट्ट पट्टा आपोआप सरकत नाही. जिथे दिवा लागतो तिथे रंगाची खूण करा.

हे जपा :
- स्विचची तार काचेच्या लगत वाकवू नका, काच तडकते. मध्ये पकड धरून मगच वाकवा.
- लोखंडी डबा वापरू नका, चुंबकाचा जोर आत पोचत नाही.
- चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. गिळल्यास जिवावर बेतू शकतं.
- पावसाळा संपला की सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून जोडण्या खराब होतात.

परीक्षा : सेल घालण्याआधी आत कोरडा कागद ठेवून झाकण लावा आणि बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कागद ओला झाला तर सांधा पुन्हा करा. गटाने विकायला बॅटऱ्या केल्या तर ही परीक्षा एकेका नगाची घ्या. चार तपासून बाकीच्या तशाच देऊ नका. अंधारात घेणारीचा भरवसा त्या एका नगावरच असतो.

बैठकीत करून बघा : पट्टा फिरवूनही दिवा लागला नाही, तर आधी काय तपासाल? सेलची दिशा, एलईडीचे पाय, चुंबकाची जागा, याच क्रमाने बघा.