टांझानियातल्या मंडळीला भेट : माणशी खर्च किती आणि कशावर?

चर्चच्या वार्षिक सभेत कुणीतरी सुचवतं, ‘आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या मंडळीशी नातं जोडू या.’ टाळ्या पडतात, पाळक मान डोलावतात आणि सगळ्यांच्या नजरा खजिनदारांकडे वळतात. त्यांच्या हाती ठेवायला हा हिशेब.

उदाहरणासाठी टांझानियाच्या दक्षिण डोंगराळ भागातला इरिंगा जिल्हा घेतला आहे. कारण असं नातं तिथे दीर्घकाळ टिकलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल परिसरातली ल्यूथरन चर्चेस आणि इरिंगा धर्मप्रांत यांची भागीदारी १९८७ पासून ‘बेगा क्वा बेगा’, म्हणजे खांद्याला खांदा, या नावाने चालू आहे. मिनेसोटातली एक मंडळी आणि इरिंगातली एक मंडळी अशा जोड्या आहेत आणि ये-जा दोन्ही बाजूंनी होते. मुंबई, पुणे किंवा अहिल्यानगरहून जाणाऱ्या गटालाही हाच साचा उपयोगी पडेल.

एका नजरेत

आठ जणांचा गट, दहा दिवस, एक डॉलर ९० रुपये धरून माणशी अंदाज:

- विमान, मुंबई ते दार-एस-सलाम, जाऊन-येऊन: ४५,००० ते ६५,००० रुपये
- व्हिसा: ४,५०० रुपये
- लसी आणि मलेरियाच्या गोळ्या: ५,००० ते ८,००० रुपये
- प्रवास विमा: १,५०० ते २,५०० रुपये
- बस आणि इरिंगात भाड्याच्या दोन जीप: २०,००० रुपये
- राहणं, जेवण: १५,००० रुपये
- पाहुणचार निधी, दुभाषा, अर्पण: १०,००० रुपये
- अडीअडचणीसाठी वरचे १० टक्के

एकूण माणशी १ लाख १० हजार ते १ लाख ४० हजार आणि गटाचे सुमारे १० लाख. यातल्या पहिल्या चार ओळींची घासाघीस सगळे करतात. नातं टिकतं की तुटतं ते मात्र शेवटून दुसऱ्या ओळीवर ठरतं, आणि नेमकी तीच ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसते.

कधी जावं

इरिंगा भागात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्या काळात खेड्यांकडचे कच्चे रस्ते चिखलाने बंद पडतात. शिवाय जानेवारी ते मार्च हे कणग्या रिकाम्या होण्याचे दिवस. ईस्टर तिकडे करायची हौस असली तरी ती यजमानांना महागात पडते. आपल्या शाळांच्या सुट्टीशी जुळणारा चांगला काळ म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा. पाऊस थांबलेला असतो आणि मक्याची काढणी चालू असते. इरिंगा शहर दीड हजार मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे जूनच्या रात्री चांगल्याच गार असतात. ‘आफ्रिका म्हणजे उन्हाळा’ समजून स्वेटर घरी ठेवू नका.

तिकीट आणि व्हिसा

नैरोबीमार्गे केनिया एअरवेज आणि आदिस अबाबामार्गे इथिओपियन हे नेहमीचे पर्याय. तिकीट तीन-चार महिने आधी काढलं तर वरच्या यादीतला खालचा आकडा हाती लागतो. टांझानियाचा साधा व्हिसा भारतीयांना ५० डॉलरला ऑनलाइन मिळतो. अर्ज टांझानिया सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच करा. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं त्याच कामाचे दुपटीने पैसे घेतात.

एक बाब नीट समजून घ्या. भेटीगाठी आणि उपासनेला हजेरी यासाठी साधा व्हिसा पुरतो. शाळेत शिकवणं, दवाखान्यात तपासणी शिबिर घेणं, बांधकाम करणं ही कामं त्यात बसत नाहीत. अल्पकालीन कामासाठीचा बिझनेस व्हिसा २५० डॉलरचा आहे. आठ जणांत हा फरक १,६०० डॉलरचा, म्हणजे जवळपास दीड लाखाचा होतो. त्यामुळे ‘जातोच आहोत तर एक भिंत रंगवून येऊ’ हा उत्साह आवरा. भिंत रंगवणारे हात गावात आहेत, आणि त्यांना मजुरीही हवी आहे.

लसी

पिवळ्या तापाच्या लशीत काटकसर नको. केनिया आणि इथिओपिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल ठेवलं नाही तर सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं.

मलेरियाच्या गोळ्यांत डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सात दिवसांत संपते. कुणाला कोणती चालेल हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

रस्ता

दार-एस-सलामहून इरिंगा सुमारे ५०० किलोमीटर. बसने पूर्ण दिवस जातो, पण खर्च जीपपेक्षा कितीतरी कमी. हा महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून साधारण ५० किलोमीटर जातो, त्यामुळे जिराफ आणि हत्ती खिडकीतूनच दिसू शकतात. उद्यानाच्या आत जायचं तर माणशी सुमारे ३५ डॉलर आणि गाडीचे वेगळे. हा खर्च ज्याचा त्याने करावा, चर्चच्या पैशातून नको.

इरिंगापासून खेड्यांपर्यंत मात्र फोर-व्हील गाडीच लागते. चालक आणि डिझेलसह दिवसाला एका गाडीचे सुमारे १५० डॉलर धरा. धर्मप्रांताची गाडी मिळाली तर ‘त्यांनी दिली’ म्हणून फुकट समजू नका. ती गाडी त्या दिवशी कुणा रुग्णाला न्यायला किंवा बिशपांच्या दौऱ्याला वापरली गेली असती.

पाहुणचार फुकट नसतो

खेड्यातल्या घरात रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत घेवडा किंवा पालेभाजी. पाहुणे आले की भात, कोंबडी, बाटलीबंद सोडा आणि सकाळी चहासोबत मंदाझी, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे. आठ पाहुणे तीन दिवस राहिले की एका कुटुंबाच्या किती कोंबड्या कापल्या जातात, याचा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच धर्मप्रांत कार्यालयाला विचारून पाहुणचार निधी ठरवा. तो मंडळीच्या कमिटीकडे द्या आणि पावती घ्या. यजमानाच्या हातात किंवा पाळकांच्या खिशात नोटा कोंबू नका. पाठीमागे राहणाऱ्यांत भांडण लावायला तेवढं पुरतं.

ही बाजू आपल्याला नवी नसावी. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून परदेशी पाहुण्यांची उठबस आपल्या घरांनी केली आहे. पाहुण्याने उंबऱ्यावर दिलेलं आणि पुढे विसरलेलं आश्वासन किती वर्षं घरात बोललं जातं, हे आपल्या आजी-आजोबांना विचारावं.

रविवार : सुटे पैसे जवळ ठेवा

उपासना तीन-चार तास चालते. एकामागून एक गायनमंडळं पुढे येतात. अर्पणाच्या वेळी ज्यांच्याकडे रोकड नाही, ते अंडी, शेंगा, उसाची मोळी, क्वचित पाय बांधलेली जिवंत कोंबडीही घेऊन येतात. उपासना संपली की सगळे बाहेर अंगणात जमतात आणि या वस्तूंचा लिलाव होतो. आपल्याकडच्या हार्वेस्टच्या लिलावात बसलेल्यांना हे लगेच कळेल. पाहुण्याने बोली लावावी अशी अपेक्षा असते, पण जोरात नव्हे. चार अंड्यांना दहापट बोली लावलीत तर शेजारची बाई पुढच्या खेपेला बोलीच लावणार नाही. २,००० आणि ५,००० शिलिंगच्या नोटा बाळगा, थोडक्यात जिंका आणि जिंकलेली वस्तू यजमानाच्या स्वयंपाकघरात द्या.

वेळेबाबत एक सूचना. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे ‘तीन वाजता’ म्हणजे आपले सकाळचे नऊ. गाडीची वेळ ठरवताना दोनदा विचारून घ्या, नाहीतर चालकाचा अर्धा दिवस आणि तुमचे ७५ डॉलर वाया.

काय न्यावं, काय नेऊ नये

जुने कपडे नेऊ नका. परदेशी जुन्या कपड्यांचा बाजार तिथे आधीच ओसंडून वाहतो. औषधांच्या पेट्याही नकोत. वह्या, फुटबॉल वगैरे इरिंगाच्या बाजारातच घ्या, म्हणजे पैसा तिथेच राहतो आणि सामानाचा अधिभार वाचतो. १ जून २०१९ पासून टांझानियात प्लॅस्टिक पिशव्यांना बंदी आहे. विमानतळावर त्या काढून टाकायला लावतात, तेव्हा बॅगा भरतानाच कापडी पिशव्या वापरा.

शिष्यवृत्ती जाहीर करण्याआधी चौकशी करा. सरकारी माध्यमिक शाळांत चौथ्या फॉर्मपर्यंतची (तिथे माध्यमिकच्या इयत्तांना फॉर्म म्हणतात) फी २०१६ पासून आणि पाचव्या-सहाव्या फॉर्मची २०२२ पासून माफ आहे. अडचण असते ती गणवेश, वसतिगृह, जेवण आणि प्रवासाची. ‘फी भरू’ म्हणालात तर मदत चुकीच्या जागी पडते.

पैसे बाहेर नेण्याचे नियम

- भारतातून प्रवासाला जाताना परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकी रक्कम फॉरेक्स कार्डवर ठेवा.
- डॉलरच्या नोटा नव्या आणि स्वच्छ घ्या. २००९ आधी छापलेल्या नोटा तिथे सहसा कुणी घेत नाही.
- २०२५ पासून टांझानियात देशांतर्गत व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम आहे. शहरात बदलून घ्या, कारण खेड्यात एटीएम नसतं.
- व्यक्तीला उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यात भेट आणि देणगीही बसते.
- चर्चचा न्यास मात्र वेगळा. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीत धरायचा, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय न्यासाच्या खात्यातून तिकिटं काढू नका.

परतभेटीची तरतूद

एकाच बाजूने पाहुणे जात राहिले तर नात्याची सहल होते. तिकडच्या दोघांना इकडे आणायचं तर विमान, व्हिसा, विमा, कपडे आणि हातखर्च धरून दोघांचे अडीच ते तीन लाख लागतील. ही रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. त्यासाठी आठऐवजी सहाच जण गेले तरी चालेल. भारताच्या पर्यटक व्हिसावर उपासनेला बसता येतं, प्रवचन करता येत नाही. तेव्हा त्यांना व्यासपीठावर उभं करण्याआधी व्हिसाचा प्रकार तपासा.

निर्णयाआधी तीन प्रश्न

कमिटीने हे तीन प्रश्न लेखी उत्तरांसह इतिवृत्तात नोंदवावेत. तिकडच्या मंडळीने आपल्याला बोलावलं आहे, की आपणच येतो म्हटलं आहे? परतल्यावर दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर त्यांच्याशी बोलणारी दोन माणसं कोण? आणि दोन वर्षांनी पुन्हा भेट होईल एवढी रक्कम बाजूला काढली आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘आपणच’ असेल किंवा तिसऱ्याचं ‘नाही’, तर तिकिटांचं बुकिंग पुढच्या वर्षावर ढकला आणि तोवर धर्मप्रांत कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू करा. त्याला खर्च नाही.