आधी पाण्याचा हिशेब, मग मंगळ

परग्रहावरच्या वसाहतीची साहसकथा लिहायला घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: पहिलं पान लिहिण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा. मला हा धडा चेन्नईच्या अड्यार भागातल्या आमच्या इमारतीने दिला.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी मंगळावरच्या वस्तीची कादंबरी लिहीत होते. त्याच जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळपास कोरडे पडले. आमच्या बोअरचं पाणी आधी खारट झालं, मग आटलं. पाण्याची लॉरी येईल तेव्हा जमिनीखालची टाकी भरायची आणि मोटर सकाळी थोडाच वेळ चालायची. जुलैत जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी शहरात आली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन धावलेली ‘जलदूत’ ज्यांना आठवते, त्यांना या गाडीची किंमत वेगळी सांगायला नको.

सुरुवातीला सगळे समजुतीने वागले. मग प्रश्न निघू लागले. घरात आजारी माणूस असेल तर त्या घराला जास्त पाणी द्यायचं का? असोसिएशनच्या बैठकीत भाडेकरूंनी बोलायचं का? कामाला येणाऱ्या अक्कांनी जाताना एक कुडम, म्हणजे घागर, भरून नेला तर चालेल का? मोटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार? डिसेंबर २०१५ च्या पुरात गच्चीवर एका पातेल्यातलं जेवलेली दोन घरं त्या किल्लीवरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. पुराचं पाणी सगळ्यांच्याच दारात होतं. टंचाईत मात्र वाटणी करावी लागते, आणि वाटणीत माणूस कळतो. माझ्या कादंबरीचं खरं कथानक मला तिथे सापडलं.

म्हणून नव्या लेखकांनी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, आकडेमोड. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम आणि मूत्रासकट सुमारे ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणता येतं. तुमच्या वस्तीत १०० माणसं आहेत आणि प्रत्येकाला रोज २० लिटर लागतात असं धरा. उरलेल्या २ टक्क्यांपायी रोज ४० लिटर, म्हणजे वर्षाला १४,६०० लिटर पाणी हातचं जाईल. ते कुठून आणणार, हे कथेत यायला हवं.

दुसरी, जमिनीचा अभ्यास. मंगळावर बर्फ आहे, पण हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे उघड्यावर पाणी टिकत नाही. मातीत पर्क्लोरेट हे अपायकारक क्षार आहेत, त्यामुळे बर्फ वितळवून थेट पिता येईलच असं नाही. बांधकामालाही पाणी परवडणारं नाही, म्हणून वितळलेल्या गंधकाने माती-वाळू बांधून बिनपाण्याचं काँक्रीट करण्यावर संशोधन चालू आहे.

तिसरी, बंद घरावर आंधळा विश्वास नको. १९९१ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंदिस्त वास्तूत आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत राहिले आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषत गेलं. प्राणवायूचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत उतरलं. शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. मंगळावर असं ‘बाहेर’ नाही. पृथ्वीवरून यान निघण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. नुसता निरोप पोचायलाही ३ ते २२ मिनिटं लागतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, वस्तीचे नियम लिहून काढा. टंचाईत पहिली कपात कोणाची? नव्याने आलेल्यांना जुन्यांइतकाच वाटा मिळेल का? नियम मोडणाऱ्याचं पाणी तोडता येईल का? जिथे पाणी तोडणं म्हणजे जीव घेणं, तिथे हा अधिकार कोणाच्या हाती असावा, याचं उत्तर शोधताना तुमची पात्रं उभी राहतील. नारळीकरांच्या कथांवर वाढलेला आपला वाचक विज्ञानातली ढिलाई सहज पकडतो. माणसांतली तर त्याहून लवकर.

खर्डा पूर्ण झाला की तो तुमच्या गावात किंवा इमारतीत पाणी सोडणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्याच्या प्रश्नांना कथेत उत्तर मिळेपर्यंत ती संपादकांकडे पाठवू नका.