त्याला बोलवा : अंधत्व, श्रद्धा आणि कृपादाने



मार्कच्या शुभवर्तमानातील (१०:४६-५२) बार्तिमयाची गोष्ट आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकली आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला हा आंधळा भिकारी येशू जात असल्याचे कळताच मोठ्याने हाका मारू लागतो आणि लोक त्याला दटावून गप्प करू पाहतात. पुढे काय घडते, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. येशू थांबतो, पण त्याला बोलावण्याचे काम तो लोकांनाच सांगतो. ज्या गर्दीने त्याला दटावले, त्याच गर्दीला आता त्याला धीर देऊन उठवावे लागते. बार्तिमयाला दृष्टी मिळाली ती नंतर. त्याआधी गर्दी बदलली.

या आठवड्याच्या अभ्यासासाठी हा विषय घेण्यामागे एक कारण आहे. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे एका वृद्ध गृहस्थांची दृष्टी मधुमेहामुळे गेली होती. दर पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जात असे. प्रार्थना करायची, चार शब्द बोलायचे, निघायचे. आपण आपले कर्तव्य नीट करत आहोत, असे मला वाटे. एके दिवशी ते म्हणाले, "फादर, तुमी दर म्हयन्याक येतास, बरा वाटता. पण माका कोण कशाक बोलवणा नाय." मला उत्तर देता आले नाही. मग चौकशी केल्यावर कळले की तरुणपणी वाड्यावरच्या क्रुसाजवळ जपमाळ आणि लितानी तेच चालवत. सगळे त्यांना तोंडपाठ होते. त्या वर्षीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी शेजारचा एक मुलगा त्यांना हात धरून चर्चमध्ये आणू लागला आणि क्रुसाच्या वाटेची गीते त्यांनी सुरू करून दिली. मात्र त्याआधीची चार वर्षे मी वाया घालवली होती.

चूक कुठे झाली? मी त्यांना फक्त 'घेणारा' समजलो. आंधळ्या माणसाकडे पाहताना आपण सहसा दोन चुका करतो.

पहिली चूक म्हणजे अंधत्वाला पापाचे फळ समजणे. "कोणाचे तरी भोग" असे शब्द आजही आपल्या गावात ऐकू येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यही हाच प्रश्न विचारतात. याने पाप केले की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही शक्यता नाकारतो. त्यानंतर आपल्यापैकी कोणालाही हा प्रश्न पुन्हा विचारण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरी चूक अधिक सभ्य आहे, म्हणून ती लवकर ओळखू येत नाही. आपण दया करतो, मदत करतो, पण त्या माणसाकडून काही घेत नाही. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात वृद्ध याकोबाची दृष्टी मंदावली आहे. नातवांना आशीर्वाद देताना तो उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. वडिलांना दिसत नाही म्हणून चूक झाली असे समजून योसेफ त्यांचा हात उचलून दुसरीकडे ठेवू पाहतो. याकोब नकार देतो. आपण काय करत आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. इथे चुकला तो डोळस योसेफ. आणि हेही लक्षात घ्या की याकोबाची दृष्टी परत आली नाही. ती न येताच त्याने आशीर्वाद दिला. श्रद्धा असेल तर डोळे बरे होतीलच, असे पवित्र शास्त्र सांगत नाही.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १२) ख्रिस्तसभेला शरीराची उपमा देतो. जे अवयव दुबळे वाटतात ते आवश्यक आहेत, असे तो म्हणतो. त्यांना सांभाळून घ्या, एवढ्यावर तो थांबत नाही. त्यांच्यावाचून शरीराचे चालणार नाही, हे त्याचे सांगणे आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात शिकवले की पवित्र आत्मा सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना आपली कृपादाने वाटतो. त्यासाठी डोळ्यांची अट नाही.

याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने ती वाट बंद झाली. पुढे त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभारले. तिथे अंध स्त्रियांनाही आसरा मिळाला, आणि त्यांच्या सदनाला नाव मिळाले ते बार्तिमयाचे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. त्या वाचू लागल्या, हाताने कामे करू लागल्या. त्यांना नुसते बसवून जेवू घातले गेले नाही.

ती लिपी देणारा लुई ब्रेल (१८०९-१८५२) हा आपल्यासारखाच कॅथलिक. लहानपणी वडिलांच्या कारखान्यातील हत्यार लागून त्याचे डोळे गेले. त्याने आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. पॅरिसमधील चर्चमध्ये तो ऑर्गनही वाजवत असे. त्याला कोणी ऑर्गनपाशी बसूच दिले नसते, तर नुकसान त्या चर्चचेही झाले असते.

आपल्या धर्मग्रामात आपण काय करू शकतो? फलकावर लावलेली सूचना मोठ्याने वाचूनही दाखवावी. रविवारी आपल्या वाड्यातील ज्यांना दिसत नाही त्यांना सोबत आणण्याची जबाबदारी एका घराने घ्यावी. कोणाचाही हात एकदम ओढू नये. आधी आपले नाव सांगावे आणि आपला हात पुढे करावा. ज्यांना ब्रेल येते त्यांना वाचनाची, ज्यांना गीते पाठ आहेत त्यांना गायनवृंदात बसण्याची संधी द्यावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना जुन्या प्रार्थना शिकवायला त्यांच्याहून चांगले शिक्षक कोण? आणि सर्वात आधी, येशूने बार्तिमयाला विचारले तसे विचारावे : तुम्हाला काय हवे आहे? त्याला जोडून दुसरा प्रश्नही विचारावा : तुम्ही आम्हाला काय द्याल?

वाड्यावरील सभेत चर्चेसाठी :

१. आपल्या वाड्यात दृष्टी गेलेली किंवा मंद झालेली माणसे कोण? त्यांना शेवटचे कधी आणि कशासाठी बोलावले?

२. त्यांच्याकडे कोणते कृपादान आहे? ते आपल्याला माहीत नसेल, तर का नाही?

३. त्यांना दटावणाऱ्या गर्दीत आपण कधी होतो का?

प्रभू येशू, तू आमच्याजवळ थांब आणि ज्याला बोलवायचे राहून गेले आहे, त्याच्याकडे आम्हाला पाठव. आमेन.

आपला,
धर्मगुरू