परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुण वास्तुविशारदांसाठी

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने केला. आज याच करवीर नगरीतील तरुण पदवीधर परदेशी काम शोधू पाहतात. त्यांनी काही बाबी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाली की भारतात ‘वास्तुविशारद’ ही उपाधी लावता येते. परदेशात मात्र ती आपोआप लाभत नाही. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानुसार तेथील नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. म्हणून नवपदवीधराने आरंभी साहाय्यकाचे पद शोधावे. अर्जासोबत निवडक आराखडे जोडावेत व त्यांतील स्वतःचा वाटा प्रामाणिकपणे नमूद करावा.

भरती करणारा मध्यस्थ उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली नोंदणीकृत आहे, याची खात्री करून घ्यावी. करारपत्र हाती येण्यापूर्वी घरची जमीन वा दागिने गहाण टाकू नयेत.

कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून १९४७ मध्ये मायदेशी परतले. कानपूरच्या आय. आय. टी.च्या वास्तूंची रचना पुढे त्यांनीच केली. परदेशी मिळविलेली विद्या अशी घरी रुजली, तर प्रवासाचे चीज होते.