तुळईला रंधा लावण्याआधी

बेळगाव

चि. दत्तूस,


निपाणीतली तंबाखूची जुनी वखार उतरवल्यावर निघालेल्या सागवानी तुळया तू घेतल्यास, आणि त्या गुळगुळीत करून माडीला वापरण्यासाठी कर्ज काढून मोठं रंधा मशीन घ्यायच्या विचारात आहेस, असं तुझ्या आईने कळवलं. लाकूड घेतलंस ते उत्तम केलंस. इतक्या वर्षांत वाळून स्थिरावलेलं सागवान ताज्या कापाच्या लाकडासारखं पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात तडकत नाही. कर्ज मात्र काढू नकोस. तुळई रंधताना खरा पैसा हत्यारात जात नाही, छिलक्यांत जातो. म्हणून कोणतं मशीन घ्यावं हा विचार नंतरचा. किती लाकूड काढायचं, हे आधी ठरव.

हिशेब करून बघ. दहा बाय दहा इंचांची तुळई चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच काढलीस, की ती नऊ बाय नऊ होते. तिचा छेद 100 चौरस इंचांवरून 81 वर येतो, म्हणजे घनफुटाने पैसे मोजून घेतलेल्या सागवानातला जवळजवळ पाचवा हिस्सा भुशात गेला. बळाचं नुकसान तर याहून मोठं. तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात आणि उंचीच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने नऊ बाय नऊच्या तुळईत मूळ ताठपणाचा सुमारे दोन तृतीयांश भागच उरतो. डोळ्याला एवढासा वाटणारा अर्धा इंच माडी हलायला पुरेसा आहे. शंभर वर्षं भार पेललेली तुळई फक्त चारही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून दुबळी करायची, हे मला पटत नाही.

तू म्हणशील, ज्याची माडी आहे त्या घरमालकाला तुळई गुळगुळीतच हवी आहे. बरोबर आहे, पण त्याला दिसणार काय? तुळईची वरची बाजू पाटाखाली जाते आणि दोन्ही टोकं भिंतीत बसतात. डोळ्यांसमोर राहते ती खालची बाजू आणि दोन अंगं. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या घरांत माडीचा पाट उचलला, तर तुळईच्या वरच्या अंगावर वाकसाचे टोले तसेच दिसतात आणि खालची बाजू मात्र हात फिरवावा अशी असते. तो आळस नव्हता, मेहनत कुठे खर्च करायची याचं भान होतं. तूही वरची बाजू पाट नीट बसेल इतपतच सरळ कर. उरलेल्या तीन बाजूंवर जुना मळ आणि करवतीच्या खुणा जातील एवढंच काढ. बहुतेक ठिकाणी एक-दीड सुतात काम भागेल.

आता मशीनकडे वळू. दुकानात मिळणाऱ्या टेबलावरच्या थिकनेस मशीनची रुंदी 12-13 इंच असते खरी, पण त्यात सहा इंचांपेक्षा जाड लाकूड जातच नाही. तुझी दहा इंची तुळई तिथेच अडली. तुळई बसेल असं कारखान्याचं मशीन घ्यायचं तर थ्री फेज जोडणी लागते, हेस्कॉम या वीज कंपनीकडे भार वाढवून घ्यावा लागतो आणि शेड बांधावी लागते. त्यात बारा फूट लांबीच्या अशा तुळईचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं. ती मशीनवर चढवायला आणि पलीकडे झेलायला दर खेपेला चार माणसं हवीत. आणि हे मशीन वाकडं लाकूड सरळ करत नाही, हे फार जण विसरतात. खालची बाजू जशी असेल, तिला समांतर अशी वरची बाजू ते काढतं. खाली बाक असेल तर वरही बाकच येतो. आणखी एक अडचण खिळ्यांची. वखारीच्या लाकडात मोडके खिळे आणि पत्र्याचे तुकडे आत रुतलेले असतात. मशीनच्या लांब पात्यांना एक खिळा लागला, की सगळी पाती उतरवून धार लावायला न्यावी लागतात.

म्हणून तुळई मशीनकडे नेऊ नकोस, रंधा तुळईकडे ने. हातात धरायचा 82 मिलिमीटर रुंदीचा विजेचा रंधा त्या मानाने थोडक्या पैशांत मिळतो आणि घरच्या साध्या प्लगवर चालतो. दोन भक्कम घोड्यांवर तुळई ठेव. लोहचुंबक फिरवून खिळे शोध आणि सगळे उपटून काढ. मग दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून नजर लाव. पट्ट्या एकमेकींशी समांतर दिसल्या नाहीत, तर तुळईला पीळ आहे. गेरूत बुडवलेली दोरी ताणून दोन्ही अंगांवर रेघ उठव आणि त्या रेघेच्या वर जेवढं असेल तेवढंच काढ. दहा इंचांच्या बाजूला विजेच्या रंध्याचे चार पट्टे घ्यावे लागतात आणि पट्ट्यांच्या सांध्यावर बारीक पायऱ्या उमटतात. त्या घालवायला पाच नंबरचा चौदा इंची हातरंधा पुरतो. त्याच्या पात्याचे दोन्ही कोपरे किंचित गोल घासून घे, म्हणजे नव्या रेघा पडणार नाहीत. लांबी जास्त असेल तर सात नंबरचा बावीस इंची रंधा कुणाकडून तरी मागून आण. पीळ फार असेल तर तुळईच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या ठोकून त्यांवर फळीत बसवलेला राऊटर सरकवत ने. वेळ लागतो, पण खर्च जवळपास नाही.

काटकसर करायची नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे धार. सागवानात वाळूच्या जातीची सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. बोथट पातं गाठीपाशी आणि उलट्या रेघेवर लाकूड उचकटतं, मग तो खड्डा घालवायला आणखी एक सूत जातं, आणि आपण पुन्हा छिलक्यांच्या हिशेबाकडे येतो. चांगली पथरी घे. विजेच्या रंध्यासाठी पात्यांची एक जोडी जादा ठेव. सँडरने सगळंच काम उरकेल असं कुणी सांगेल, पण त्याने लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो, कठीण भाग वर राहतो आणि लाटा पडतात. पॉलिश कागद शेवटच्या हातासाठीच वापर. सागवानाची धूळ श्वासाला आणि कातडीला बाधते, तेव्हा तोंडाला मास्क हवाच. जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. हाताने वेळ जास्त जातो, आणि मजुरीही पैसाच आहे. पण तुझ्या तुळया मोजक्या आहेत आणि कर्जाचा हप्ता काम असो-नसो दरमहा येतो. वर्षभर अशीच कामं मिळत राहिली, तर 170 मिलिमीटर रुंदीचा मोठा विजेचा रंधा गावातल्या तीन-चार सुतारांनी मिळून घ्यावा. दहा इंचांची बाजू तो दोन पट्ट्यांत उरकतो. त्याचं वजन नऊ किलोच्या आसपास असतं, तेव्हा तो जमिनीवरच्या कामालाच वापरावा. भिंतीत बसलेल्या तुळईखाली डोक्यावर धरून कधीच नाही.

बँकेत अर्ज दिला असशील तर आधी तो मागे घे. मग प्रत्येक तुळईचे खिळे, पीळ आणि दिसणाऱ्या बाजू तपासून यादी कर आणि मला पाठव.

तुझा,
मामा